पदरावरून तपासलेलं हृदय

"हार्ट फेल्युअर," असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, मला नाही. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. हृदय थकलंय, आता जपायचं, असा त्याचा अर्थ नवऱ्याने घरी येऊन सांगितला. मी तिशीचीही नव्हते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

आमचं घर तळवलीत. शेतं नव्या शहरासाठी गेली होती, नवरा कारखान्यात लागला होता. हंडा उचलला की मला धाप लागायची, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पायांची सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. सासूबाईंना करणीचा संशय, नवऱ्याला कारखान्याच्या धुराचा. मला मात्र डॉक्टरांचाच.

तपासताना सासूबाई शेजारी उभ्या राहून माझा पदर घट्ट धरायच्या. डॉक्टरही भिडस्त. पुढून नळी लावायची ती पदरावरूनच, टेकवल्यासारखी. साडीतून यांना काय डोंबल ऐकू येणार? विचारलं तर म्हणाले, "बाई, टेन्शन घेऊ नका."

कसं नाही घेणार? मुलगी अजून अंगावर पीत होती. मी गेले तर तिचं कोण करणार?

शेवटी हट्टाने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंवरही माझा विश्वास नव्हता. त्यांनी सासूबाईंना बाहेर पाठवलं, पडदा ओढला, पदर बाजूला करून मला डाव्या कुशीवर वळवलं आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?" आला होता. हे यांना कुणी सांगितलं, असाही मला संशय आला.

"तुमचं हृदय थकलेलं नाही. मायट्रल स्टेनॉसिस आहे." म्हणजे लहानपणीच्या त्या तापाने हृदयातल्या झडपेचं तोंड आवळलेलं. रक्त पुढे सरकेना, म्हणून फुफ्फुसात तुंबत होतं. 'इको'त, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, तेच दिसलं. ऑपरेशन करून झडप मोकळी केली. घरी आल्यावर सासूबाईंना पडद्याआडची ती तपासणी सांगितली, मग उशीशिवाय सपाट झोपले आणि ढसाढसा रडले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. बाकी डॉक्टरांना मात्र आजही दोनदा विचारते, तुम्हीही विचारा.

पुढे धाकट्या जावेला धाप लागू लागली. त्याच जुन्या दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या.

"आदी पदर काड गो. डाक्टर, हिला डाव्या कुशीवर घ्या नि नीट ऐका. मी हाय ना, पडदा धरून उभी."