इस्तंबूलहून आणलेली मूठभर लोकर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इस्तंबूलला जाऊन आलो, तेव्हापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळे मला एकच विचारतात. बाई, काय काय पाहिलं आणि काय काय घेतलं? पाहिल्याचं सांगणं सोपं आहे. घेतल्याचं सांगायचं तर सुरुवात अणदूरच्या आमच्या ओट्यापासून करावी लागते.

निघायच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले, आबांचा, म्हणजे वडिलांचा, निरोप घ्यायला. आबांचा जन्म मेंढरांमागं गेला. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, तरी ते कळपात बसून हातानं एकेक मेंढी ओळखायचे. पण माझ्या धाकट्या भावाची नोकरी धाराशिवला, रोजची ये-जा, कळप राखायला घरात कोणी नाही. शेवटी गुढीपाडव्याच्या सुमारास तो उमरग्याकडच्या एका धनगराला विकला. विकून टाक म्हणून भावाच्या मागं मीच लागले होते. मेंढरं गेली आणि आबांचं बोलणंही गेलं. ओट्यावर बसायचं, अर्धी भाकरी खायची आणि कोणी काही विचारलं की 'हूं' म्हणायचं. मी शाळेत मुलखाच्या लाजऱ्या पोरांना बोलतं करते आणि स्वतःच्या बापाला गप्प करून बसले होते. हे मला दिवसरात्र टोचत होतं.

"आबा, मी तुर्कस्तानला चाललेय. आठ दिवसांत येते."

"हूं."

मी पाया पडून पिशवी उचलली, तर मागून आवाज आला.

"सुमे, तिकडं मेंढरं हायत का?"

मी जागच्या जागी थांबले. "हायत की आबा. लई हायत." माहेरी गेलं की माझी शाळेतली भाषा अशी गळून पडते.

"मग मूठभर लोकर आण. रंगीवलेली नगं, कातलेली बी नगं. बगू तरी कसली मेंढी असती त्यांची."

सात महिन्यांत आबांनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. बाकी काही आणलं नाही तरी चालेल, लोकर आणायचीच, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

इस्तंबूल का, तर ते आमच्या ह्यांचं स्वप्न. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, गेल्याच वर्षी निवृत्त झाले. डेपोतल्या कॅलेंडरवर त्यांनी एक पूल पाहिला होता, ज्याच्या एका टोकाला आशिया आणि दुसऱ्या टोकाला युरोप. 'दोन खंडांची एक फेरी मारायचीच,' असं ते वीस वर्षं म्हणत आले. तेव्हा घरून हैदराबादेपर्यंत हायवेनं आणि पुढं विमानानं, असे आम्ही एका शनिवारी संध्याकाळी इस्तंबूलला उतरलो. माझ्या पायात साडीखाली स्पोर्ट्स शूज, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दोन्ही गोष्टींचा मला पुढं फार उपयोग झाला.

पहिली सूचना इथंच देऊन ठेवते. तिथला मोठा झाकलेला बाजार, कापाली चार्शी, रविवारी बंद असतो. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी उत्साहानं गेलो तर दरवाजे बंद, आणि पायरीवर एक गुबगुबीत मांजर झोपलेलं. हे म्हणाले, "घ्या मास्तरीणबाई, आज तुमची खरेदी शिल्लक." मला हसू आलं नाही. चार दिवसांतला एक गेला होता.

मग आम्ही बोटीत बसलो. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून ही बोट इकडच्या माणसांना तिकडं नेते, म्हणजे तिथली एसटीच. एका हातात लहानशा काचेच्या पेल्यातला बिनदुधाचा चहा, दुसऱ्या हातात सिमित (तीळ लावलेलं गोल पावाचं कडं). मी सिमितचा तुकडा वर धरला तर समुद्रपक्ष्यानं झडप घालून अख्खं कडंच नेलं. समोरची एक बाई खळखळून हसली आणि तिनं आपलं अर्धं मला दिलं. आमचे हे कठड्याला धरून उभे होते. पूल जवळ आला तेव्हा त्यांनी टोपी काढली. त्यांना डोळे पुसताना मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

सोमवारी निळ्या मशिदीत गेलो. बायकांनी तिथं डोकं झाकायचं असतं. बाकीच्या पर्यटक बाया रुमालासाठी रांगेत उभ्या, आणि मी पदर डोक्यावर घेऊन सरळ आत. परदेशी जाताना साडीला नाक मुरडणाऱ्या माझ्या सहकारी भगिनींनी हे लक्षात ठेवावं. आत गालिच्यावर बसून वर पाहिलं की निळ्या फरश्यांची नक्षी संपतच नाही. माझा हात मात्र खालच्या गालिच्यावरून फिरत होता. सवय, दुसरं काय.

तिथून बाजारात. किती गल्ल्या, किती दिवे, किती रंग! घासाघीस करावी, पण हसून करावी. चहा दिला तर प्यावा, चहा प्यायलो म्हणून काही घ्यावंच लागत नाही. एका लोकरीच्या दुकानात पोरगेल्या विक्रेत्यानं पांढरेशुभ्र गुंडे पुढं केले. "बहनजी, शुद्ध ऊन!" हिंदी सिनेमानं तिथवर हिंदी पोचवलीय. मी एक धागा ओढला आणि त्याच्याकडं लायटर मागितला. खरी लोकर जळाली की केस जळाल्याचा वास येतो आणि बोटांत राख चुरते. हा धागा आक्रसला आणि त्याचा टणक मणी झाला. विक्रेता आधी चपापला, मग पोट धरून हसला.

"तुम्ही व्यापारी?"

"नाही बाबा. धनगर." कळेना तेव्हा मी हातानं मेंढरं हाकून दाखवली.

"चोबान!" तो ओरडला. चोबान म्हणजे मेंढपाळ. त्यानं शेजारच्या चार दुकानदारांना बोलावून ती गंमत सांगितली. त्या गल्लीत मला पुन्हा कोणी नकली माल दाखवला नाही. पण बिनरंगाची, न कातलेली लोकर कोणाकडंच नव्हती. मंगळवारही असाच गेला. सुंदर शाली पाहिल्या, मसाल्याच्या बाजारात केशर हुंगलं, भाचीसाठी निळ्या मण्याचं कंकण घेतलं. रात्री हे म्हणाले, "अगं, एखादी शाल ने आबांना. त्यांना काय दिसणार आहे?" मी रागावलेच. "दिसत नाही म्हणूनच फसवता येणार नाही त्यांना," म्हटलं. ते म्हणाले, "चुकलो."

बुधवार शेवटचा. सकाळी ट्रामनं निघालो. तिथं कंडक्टर नसतो, फाटकाशी कार्ड टेकवायचं आणि आत जायचं, ही गोष्ट ह्यांच्या पचनी शेवटपर्यंत पडली नाही. ते दाराशी उभं राहून उतरणारी-चढणारी माणसं बघत. बाजाराच्या अलीकडच्या थांब्यावर एका म्हातारीची जड पिशवी उतरवायला हे खाली उतरले, आणि दार लागलं. ट्राम मला घेऊन पुढं. काचेतून दिसलं, ते हात वर करून शिटीसाठी खिसा चाचपत होते. पस्तीस वर्षांची सवय!

पुढच्या थांब्यावर मी उतरले आणि त्यांची वाट बघत उभी राहिले. समोर एका जुन्या हानचं दार होतं. हान म्हणजे मधे चौक आणि भोवती कारागिरांच्या खोल्या. दारातल्या उन्हात एक म्हातारा बसला होता, आणि त्याच्या हातात टकळी फिरत होती.

मी रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही. त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यानं वर पाहिलं. मी हात पुढं केला, त्यानं टकळी दिली. लहानपणी आबांनी शिकवलेलं बोटं विसरली नव्हती. पहिला धागा तुटला, दुसरा धरला. म्हातारा सरकला आणि त्यानं पायरीवर मला जागा करून दिली.

त्याचं नाव हसन उस्ता. उस्ता म्हणजे आपला उस्ताद. फाटक्या जुन्या गालिच्यांना तो रफू करायचा, आणि त्यासाठीचं सूत स्वतः कातायचा. अर्ध्या तासानं हे धापा टाकत, हातात भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेऊन आले, तेव्हा आमचं फोनवरच्या भाषांतरानं बोलणं चाललं होतं. मी आबांचं सगळं सांगितलं. डोळे गेल्याचं, कळप विकल्याचं, विकायला मीच लावल्याचंही. हे तर मी घरातही उघड बोलले नव्हते. परक्या माणसाला सांगणं कधीकधी सोपं जातं.

हसन उस्तानं फोन जवळ घेतला आणि सावकाश बोलला. पडद्यावर मराठी उमटलं. लोकर पूर्वेकडच्या डोंगरातली, त्याच्या भावाच्या कळपाची. भाऊ गेल्या हिवाळ्यात वारला. त्याचा मुलगा शहरातली नोकरी सोडून मेंढरांकडं गेलाय. 'त्याला जमतं की नाही, मला माहीत नाही. फोनवर तो नेहमी ठीक आहे म्हणतो. मी म्हातारा, तिथवर जाऊ शकत नाही.'

मग त्यानं आतून पोतं आणलं आणि धुतलेल्या, न पिंजलेल्या बटांची एक मोठी मूठ कागदात बांधून दिली. पैसे काढले तर त्यानं हात छातीवर ठेवून मान हलवली. मी पिशवीतून कडक भाकरी आणि चटणी काढली. आम्ही तिघांनी चहाबरोबर पायरीवर बसून खाल्ली. चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं पुन्हा मागून घेतली. निघताना आपला नंबर लिहून दिला आणि फोनवर म्हणाला, 'वडिलांना आवडली का, कळवा.' जाणाऱ्यांना शेवटची सूचना : मोठ्या बाजाराभोवतीच्या या जुन्या हानमध्ये जरूर डोकावा.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही अणदूर गाठलं. आबा ओट्यावरच होते. मी पुडी सोडून लोकर त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी आधी वास घेतला. "धुतलीया. पर मेंढी हाय अजून हिच्यात." मग एक बट वेगळी केली, दोन्ही टोकं चिमटीत धरली, कानाशी नेली आणि झटका दिला. टक्. दुसरी बट. टक्. तिसरी, चौथी.

"समद्या एकाच जागी तुटत्यात," आबा म्हणाले.

"खराब हाय का आबा?" मी विचारलं.

"खराब न्हाय. शेंड्याला जाड हाय, मधीच बारीक झालीया. थंडीच्या दिसात ह्यांच्या पोटाला मिळालं न्हाय. आजारी म्हणावं तर एखादी पडंल, समद्या कशा पडतील?" त्यांची बोटं थांबली. "राखणारा गेला ह्यांचा. व्हय का न्हाय?"

मी हसन उस्ताच्या भावाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. भाऊ वारल्याचं, शहरातून आलेल्या पुतण्याचं, उस्ताला लागलेल्या घोराचं.

आबांनी एक बट घेतली आणि मुळाकडचं टोक बोटांत बराच वेळ चोळत राहिले.

"जमलंय पोराला," ते म्हणाले. "इथं हात लाव. मुळाकडं, म्हंजी कातरायच्या आदी वाढली तिथं, पुन्ना जाड झालीया, पैल्यापरीस उलीशी जास्तच. रुळली मेंढरं त्याच्या हाताला. कळवा त्या म्हाताऱ्याला. म्हणावं, घोर करू नगं."

ह्यांनी लगेच फोन काढून जसंच्या तसं लिहून पाठवलं. आमचं चहापाणी होतंय तोवर उत्तर आलं. हे मोठ्यानं वाचू लागले. 'मी तीन वेळा वाचले. आता पुतण्याला फोन करून शाबासकी देतो. तुमच्या वडिलांच्या हातांचे चुंबन घेतो.'

"तिकडं थोरांना असंच म्हणत्यात आबा," मी घाईनं सांगितलं.

आबांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्याखाली लपवले, पण ते हसत होते. मला राहवलं नाही.

"आबा, आपली मेंढरं मीच विकायला लावली."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "डोळं गेलं, कान न्हाय गेलं. तुजं बी काय चुकलं न्हाय. राखणार कोण?" मग आमच्या ह्यांच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "पावणं, म्होरल्या रविवारी मोकळं हाय का? उमरग्याकडं न्या मला. आपल्या मेंढरांना मुळाकडं हात लावून बगतो."

आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

रविवारला अजून तीन दिवस आहेत. भावाचा फोन आला होता, आबांनी काठी आजच दाराशी आणून ठेवलीय.