दिन्याचा मंगळ आणि बाबांचा शेवटचा दगड

रात्रभर डोळ्याला डोळा नाय.

वर्षभर मी माझ्या भावावर जो आळ घेतला, तो खोटा होता. काल संध्याकाळी कळलं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

बाबा चिरेखाणीत होते. मशीन यायच्या आधी हातानं जांभ्या दगडाचे चिरे काढायचे. जांभ्यावर नुसती थाप मारून सांगायचे, हा पावसात टिकेल, ह्याचा भुगा होणार.

माझा भाऊ दिनेश, आमचा दिन्या, पुण्यात पीएचडी करतो. मंगळावर.

मी आठवी शिकलेली, मला त्यातलं काय कळत नाय. एवढं समजलं की मंगळाची जमीन लाल आहे, लोखंड गंजून झालेली, आपल्या गावावरच्या उघड्या सड्याच्या कातळासारखी. म्हणून तो इथला दगड दळून मशीनमध्ये घालायचा आणि मंगळावरची गाडी जे पाठवते त्याच्याशी जुळवून बघायचा.

बाबांना हे लगेच पटलं. "म्हणजे पोरगा पण चिऱ्याच्याच धंद्यात." गावभर सांगत फिरले.

माझ्या पत्रिकेत कडक मंगळ. दोन स्थळं त्यापायी मोडली. बाबा हसायचे.

"एका घरात दोन मंगळ. एक स्थळं मोडतो, एक स्कॉलरशिप देतो."

सड्यावरून दगड आणायचे, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळायचे, वर लिहायचे, 'करवंदीच्या जाळीकडचा, खालच्या अंगाचा'. मग एसटीनं पार्सल.

एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, पुण्यात दगड नाय भेटत काय?"

"भेटतात रे. पण मंगळाचे नाय."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी भर उन्हाचे सड्यावर गेले. जेवायला आले नाय. शेजारचे शोधायला गेले तर कातळावर आडवे. ऊन लागलं, डॉक्टर बोलले.

हातात दगड होता.

बाराव्याला मी दिन्याला सगळ्या भावकीसमोर बोलले. "माझ्या मंगळानं नुसती स्थळं मोडली. तुझ्या मंगळानं बाप खाल्ला. तूच सांगितलं असशील, दगड आणा."

तो वाढलेलं पान तसंच ठेवून उठला.

दारात फक्त विचारलं, "ताई, तो दगड कुठाय?"

"विहिरीत टाकला," मी बोलले.

तेव्हापासून तो आईला फोन करतो, मला नाय. माझी स्वरा तीन वर्षांची झाली. तिला मामाचा आवाज ठाऊक नाय.

परवा त्याचा मेसेज आला. "ताई, पीएचडी सोडतोय. वर्षश्राद्धाला येत नाही. आईला सांभाळ."

मी वाचला आणि फोन ठेवून दिला. रागच होता.

काल ह्या पोस्टला बाबांचा फोटो हवा म्हणून त्यांचा जुना फोन चार्जिंगला लावला. स्वरानं कुठेतरी बोट लावलं आणि दिन्याचा आवाज आला. व्हॉइस मेसेज. बाबा गेले त्याच दिवशी सकाळचा.

"बाबा, दगड पुरेत आता. उन्हाचे सड्यावर जाऊ नका. मी आलो की दोघं जाऊ. ऐका माझं."

खाली बाबांचा. "अरे, एकच आणतो. पांढऱ्या रेघेचा आहे, बघून ठेवलाय. तुझ्या सायबाला दाखव, बघतच राहील."

स्वरा विचारते, "आई, हा कोण बोलतो गो?"

मी परत लावून ऐकला.

हे तो मला बाराव्यालाच ऐकवू शकला असता. एक बटण तर दाबायचं होतं. पण मग सगळे बोलले असते, म्हाताऱ्यानं ऐकलं नाय, स्वतःच्या हट्टानं गेला. ते त्यानं बाबांवर येऊ दिलं नाय. माझं सगळं ऐकून घेतलं.

आता मला भीती वाटते. 'आईला सांभाळ' हे काय मला बरं वाटत नाय.

कालपासून त्याला किती वेळा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाय. उचलेल कसा, माझं तोंडच तसं होतं. आमचे हे बोटीवर, त्यांना रेंज नाय.

आई आत बाबांच्या वाडीचं, श्राद्धाच्या पानाचं रांधतेय. तिला अजून काय माहीत नाय. मधे मधे विचारते, "दिन्या निघाला काय गो? पान कोण ठेवणार?"

मी बोलते, निघाला.

बाबा, तुमचा दगड मी विहिरीत टाकला नाय. तांदळाच्या डब्यामागे आहे. त्याला कागद नव्हता. काल कॅलेंडरचं पान फाडून मीच गुंडाळला आणि वर लिहिलं, 'पांढऱ्या रेघेचा'.

पाया पडते बाबा. चुकले मी.

आणि हे जे कोण वाचताय, दिन्याच्या शाळेचे, कॉलेजचे, त्याचा नंबर आहे तुमच्याकडे. खाली हात जोडलेले टाकू नका. त्याला फोन लावा. माझा नाय उचलणार, तुमचा उचलेल.

सांगा, ताईनं ऐकलं सगळं.

सांगा, दगड आहे. आई पान घेऊन थांबलीय.

आत्ता लावा.