मावशींचं सातचं गेट

“घंटी कशाला? तोंड हाय की!”

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते पाठीमागून. त्याच्या पाठोपाठ ऐकलं, “सरकाऽ, सरकाऽ, बिरेक बी न्हाय!” मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय, म्हणून मी काही सरकले नाही. पुढच्या क्षणाला मी सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत होते, आणि वर एक बाई दोन्ही पाय डांबरावर घासत, थांबायचा प्रयत्न करत करत वीस पावलं पुढं निघून गेली होती. तिथून मागं येऊन त्यांनी मला हात दिला, वर काढलं आणि वर मलाच दम भरला. “सरक म्हणलं हुतं का न्हवतं?”

अशी आमची ओळख. त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्या फोनवरून माझी अशी काही शोभा करतील की विचारू नका. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो, तेच पुरे.

बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवायच्या एका कंपनीत आम्ही कामाला. मावशी कॉलर जोडायच्या, मी काज-बटणाच्या मशीनवर. पहिली पाळी सातची. आम्ही पाचजणी इंदापूर रोडच्या वस्त्यांवरून सायकलीनं यायचो, नऊ किलोमीटर. उन्हाळ्यात याचं काही वाटत नाही. पण डिसेंबरात पहाटे या रस्त्यानं तुम्ही कधी गेला असाल तर तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडं ऊस, त्याला नुकतं पाणी दिलेलं, आणि वर हे असं धुकं की स्वतःचं हँडल सोडून दुसरं काही दिसू नये.

थंडीतला मावशींचा अवतार बघायला लोक दारात उभे राहायचे. साडी वर खोचलेली, खाली मुलाची जुनी ट्रॅकपँट, मोज्यांवर अंगठ्याची चप्पल, डोक्याला कानटोपी, हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधलेल्या. आणि अंगात दोन स्वेटर, त्यातला वरचा उलटा, बटणं पाठीवर. मी विचारलं तर म्हणाल्या, “वारं म्होरून येतंय का मागनं? मग बटनं म्होरं ठिवून वाऱ्याला दार उघडं ठिवू व्हय?” ती बटणं त्यांना स्वतःला लावता यायची नाहीत. रोज साडेपाचला फाट्यावर भेटलं की माझं पहिलं काम मावशींच्या पाठीची बटणं लावायचं. शिकले ते काज-बटण असं दोन्हीकडं कामाला आलं.

मावशींचं माहेर कऱ्हाटीचं, कोरडवाहू भागातलं. “आमच्याकडं ऊस फकस्त देवळात दिसायचा, तुळशीच्या लग्नात,” असं त्या सांगायच्या आणि रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं दिसलं की आजही सायकल थांबवायच्या. थांबवायच्या म्हणजे काय, पाय घासायच्या.

धुक्यात रस्ता कसा काढायचा याची मावशींची स्वतःची पद्धत होती. कारखाना चालू झाला की पहाटेपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू, एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि स्पीकरवर दणदणीत गाणी. दिसत नाहीत, पण ऐकू येतात. मावशी गाण्यावरून ट्रॅक्टर ओळखायच्या आणि चांगला बघून त्याच्या मागं आमची रांग लावायच्या. निरवांगीकडून येणारा एक भक्तिगीतवाला होता, त्याच्या मागं मात्र जाऊ द्यायच्या नाहीत. “लई पळवतोय त्यो. त्याला देव भेटायची घाई हाय, आपल्याला न्हाय.” लावणीवाला निवांत चालायचा. मग आम्ही लावणीच्या मागं, दहा हाताचं अंतर ठेवून, पाचजणी एका रांगेत. तिसरा स्पीड ब्रेकर आला की कारखान्याचा फाटा. तिथं ट्रॅक्टर उजवीकडं आणि आम्ही सरळ. स्पीड ब्रेकर मोजायचे मावशींनी. “येऽक!” असा आवाज पुढून आला की समजायचं.

आता मुद्द्याचं. त्या वर्षी दिवाळीत मावशींचा मुलगा पुण्याहून आला होता. एकुलता एक, चांगल्या नोकरीला, पाचव्या मजल्यावर घर. त्यानं आईच्या हातांच्या भेगा बघितल्या आणि हटूनच बसला. आई, आता बास. नोकरी सोड, सायकल सोड, माझ्याकडं चल. मावशी नाही म्हणाल्या. तो रडकुंडीला आला. मग मावशींनी तोड काढली. “हे बघ. संक्रांतीपत्तूर रोज सातच्या आत माझा अंगठा हजेरीच्या मशीनला लागला, तर तू ह्यो विषय पुना काढायचा न्हाय. एक दिस जरी चुकलं, तर मी आपणहून सायकल देऊन टाकीन आन तुझ्याकडं येईन.” पोरगं हुशार, लगेच हो म्हणालं. त्याला वाटलं, साठीला टेकलेली बाई, थंडीचे दिवस, आठवडाभर टिकली तरी खूप.

त्याला आमची कल्पना नव्हती. पैज मावशींची, पण झोप आम्हा चौघींची उडाली! एक पहाटे साडेचारला त्यांना फोन करायची. एक रोज संध्याकाळी त्यांच्या सायकलची हवा बघायची. सुनंदा म्हणून आमच्यात एक होती, तिनं तर उपवास धरले. मावशींना त्या घरात, त्या वस्तीवर, त्या रस्त्यावर राहायचं होतं, आणि खरं सांगते, आम्हाला त्या तिथं हव्या होत्या. त्यांच्याशिवाय पहाटे साडेपाचला घराबाहेर पडायला काय आम्हाला वेड लागलं होतं?

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. एकही दिवस चुकला नाही. मावशी कंपनीत छाती काढून चालायला लागल्या. संक्रांत चार दिवसांवर आली.

त्या दिवशी धुकं असं होतं की मी मावशींची बटणं चाचपून लावली. लावणीवाला आला, आम्ही मागं लागलो. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी आमच्या सुपरवायझरची नक्कल सुरू केली. ते नाकातून बोलायचे, “बाईऽ, तुमचं टार्गेट कुठाय हो बाईऽ?” मला नकला बऱ्या जमतात. मावशी हसायला लागल्या की त्यांची सायकल नागमोडी जायची. “गप गं बाय, पडीन मी!” असं म्हणायच्या आणि “आजून कर, आजून कर” असंही म्हणायच्या. मग काय, मी मालकांची केली, कँटीनवाल्याची केली, सुनंदाच्या सासूची केली.

स्पीड ब्रेकर कोणीच मोजले नाहीत.

ट्रॅक्टर थांबला तेव्हा आम्हाला वाटलं पुढं काही अडलंय. आम्हीही थांबलो. मागून दुसरा ट्रॅक्टर येऊन थांबला. मळीचा वास आला, पण तो तर हिवाळाभर सगळीकडंच असतो. एवढ्यात धुक्यातून एक टॉर्च आली, टॉर्चच्या मागं मफलर गुंडाळलेला माणूस, हातात वही. त्यानं खाली बघतच विचारलं, “गाडी नंबर?”

मावशी म्हणाल्या, “गाडीला नंबर न्हाय.”

“तोडीची टोळी कुठली?”

“बारामतीची. कापडं शिवणारी.”

तेव्हा त्यानं मान वर केली. उसाच्या दोन ट्रॅक्टरांच्या मधे पाच बायका, पाच सायकली, हँडलला डबे. “अवो बाई, ही कारखान्याची रांग हाय. वजनाला.”

“दिसतीय आता. मगाशी दिसली असती तर आलो असतो व्हय?”

बाजूला ऊसतोडीच्या बायका शेकोटीपाशी बसल्या होत्या. त्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यातली एक ओरडली, “आलाच हायसा तर काट्यावर चढा, वजन तरी कळंल!” सुनंदा रडायच्या बेतात होती आणि मला, लाज वाटते सांगायला, हसू आवरत नव्हतं. घड्याळात सहा पस्तीस झाले होते.

मागं ट्रॅक्टर, पुढं ट्रॅक्टर, एका बाजूला बैलगाड्या. एका गाडीवानानं शिंगं धरून आपले बैल मागं सरकवले. तो वहीवाला माणूसच मग टॉर्च घेऊन आमच्या पुढं पळायला लागला, “वाट द्या, वाट द्या, बायकांची पाळी चुकंल!” मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो आला. इतका भला माणूस, त्याचं तोंडही मी नीट पाहिलं नाही.

आणि मग मावशी सुटल्या. साठीला टेकलेली बाई, ब्रेक नसलेली सायकल, समोर पांढरं फटक. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. आम्ही मागं. माझ्या डोळ्यांतून थंडीनं पाणी वाहत होतं आणि पोटातून हसू येत होतं, आणि मी मनात म्हणत होते, देवा, आजचा दिवस काढ, पुन्हा आयुष्यात कोणाची नक्कल करणार नाही.

गेटात शिरलो तेव्हा सहा अठ्ठावन्न झाले होते. जिंकलो! सुनंदानं मावशींना मिठीच मारली. मावशींनी हातातल्या पिशव्या सोडल्या आणि मशीनवर अंगठा ठेवला.

मशीन म्हणालं, “प्लीज ट्राय अगेन.”

थंडीनं अंगठा लाकूड झालेला, त्यात भेगा. मावशींनी पुन्हा ठेवला. “प्लीज ट्राय अगेन.” “अगं बये, मीच हाय ती!” एकीनं अंगठ्यावर फुंकर घातली, एकीनं शालीवर घासला. “प्लीज ट्राय अगेन.” एकोणसाठ. वॉचमनकाका शेजारी चहा पीत उभे होते. मला काय सुचलं, मी त्यांच्या हातातला कप ओढला आणि मावशींचा अंगठा त्यात बुडवला.

अंगठा गरम झाला, पण चहा साखरेचा. तो चिकट अंगठा मशीनला बापजन्मात ओळखू येईना. मग नळावर पळा, धुवा. नळाचं पाणी बर्फासारखं, अंगठा पुन्हा लाकूड. मग पुसा, मग काखेत धरा. मशीन जेव्हा “थँक यू” म्हणालं तेव्हा त्यावर सात वाजून दोन मिनिटं दिसत होती.

वॉचमनकाका म्हणाले, “बाई, तुमी सातच्या आत गेटात हुता. मी सांगतो कुणालाबी. माझा चहा साक्षीला हाय.”

मावशी मशीनकडं बघत होत्या. “मशीन काय म्हणतंय? सात-दोन. बोलणं मशीनचं झालं हुतं.” तिथंच उभ्या उभ्या त्यांनी मुलाला फोन लावला. “हारले रं मी. दोन मिंटं.” त्यानं विचारलं कसं काय, तर यांनी सगळं सांगितलं, कारखाना, काटा, चहा. फक्त माझी नक्कल सांगितली नाही. “माझंच ध्यान न्हवतं,” म्हणाल्या. तिकडून तो इतका हसला की फोनबाहेर ऐकू आलं. मग म्हणाला, “आई, राहू दे. तूच जिंकलीस. नको येऊस.”

आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, “न्हाय. संक्रांत झाली की ने मला.”

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. मला इतका राग आला होता! स्वतःचाच होता, पण काढला त्यांच्यावर. “तो सोडतोय तर तुम्ही कशाला धरून बसलाय?” मावशी डबा खात म्हणाल्या, “त्याला ल्हानपणी म्या शिकवलंय, खेळात हारलं तर रडायचं न्हाय, डाव द्यायचा. रडत रडत दिलेत त्यानं डाव. आता माझ्यावर आला तर मी पळून जाऊ?” आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, “तू कशाला तोंड पाडतीस? असं मी जलमात हसले न्हवते.” मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर.

संक्रांतीचं वाण घेऊन त्या गेल्या. सायकल पॅकिंगमधल्या एका पोरीला देऊन टाकली, ती चालत यायची. मुलानं पाचव्या मजल्यावर त्यांना पूर्वेकडची खोली दिलीय, नातू गळ्यात पडतो, सून चांगली आहे. सगळं छान आहे.

पण पहाटे साडेपाचला त्यांचा फोन येतो. “निघालाव का गं? फोन बंद करू नको, नुसता बास्केटात ठिव.” मग माझ्या सायकलच्या बास्केटात डब्याशेजारी फोन, आणि फोनमध्ये मावशी. बोलत नाहीत, ऐकत असतात. त्यांच्या सुनेनं एकदा मला हळूच सांगितलं, त्या वेळी त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या असतात, अंगावर शाल, आणि खाली दोन्ही पाय गोल गोल फिरत असतात.

मला तिचं म्हणणं खरं वाटलं नव्हतं. परवा कालव्याच्या पुलाचा चढ लागला, आम्ही चौघी सीटवरून उठून पायडल मारत होतो, आणि बास्केटातून धापा टाकल्याचा आवाज यायला लागला. मी घाबरले.

“मावशी, काय झालं? दम का लागलाय?”

“चढ हाय न्हवं गं,” मावशी म्हणाल्या.