दादाचं शिफारसपत्र

माझ्या थोरल्या भावाला इंग्लंडला आणायची मी जी खटपट केली, तिच्यात गावातल्या कोणीही खोडा घातला नाही. उलट सगळ्यांनी मनापासून मदत केली. काम अडलं ते त्या मदतीमुळेच.

दादाची उजवी बाजू जन्मापासून लुळी. बोलणं सावकाश, पण ठाम. आंघोळ, कपडे, भाकरी कुस्करून देणं, सगळं दुसऱ्यानं करावं लागतं. अधूनमधून फिट येते. आई होती तोवर तिनं केलं. आई गेल्यावर चुलतीनं केलं, कोणी सांगितलं नसताना. आता दादा चाळिशीचा, अंगानं भरलेला, आणि काकूचे गुडघे गेलेले. एकदा न्हाणीत त्याला उठवताना ती त्याच्यासकट खाली बसली. शेजारीण येईपर्यंत दोघं तिथंच ओल्यात बसून.

"तुझा दादा म्हणला, काकू, आता बसलीच हायस तर तू बी आंघोळ करून घे," काकू फोनवर हसत सांगत होती. मीही हसले. फोन ठेवला आणि ठरवलं, याला इकडे आणायचा.

मी इंग्लंडमध्ये एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कायम राहायची परवानगी नुकतीच मिळाली होती, म्हणून वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, पाहुणा म्हणून आणलात तर सहा महिन्यांत परत पाठवावं लागेल. तुम्हीच नोकरी सोडून गावी जाऊ शकता. पण दादाचं औषधपाणी आणि काकूचं घर माझ्याच पगारावर चालत होतं. मग उरला एकच अर्ज, अवलंबून असलेल्या प्रौढ नातेवाइकाचा. त्यात दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: याला रोजची कामं स्वतःची स्वतः जमत नाहीत, आणि ती करणारं तिकडे कोणीही नाही, पैसे देऊनही मिळत नाही.

मी हे काकूला समजावून सांगितलं.

"कोणी न्हाई? मग मी कशाला बसलेय हितं?"

"काकू, तुझे गुडघे गेलेत ना."

"गुडघे गेलेत. मी न्हाई गेले अजून."

शेवटी रजा काढून मी स्वतः आले. ते वर्ष कोरडं गेलं होतं. आमच्या गावच्या दूध संस्थेकडे दूध जवळजवळ बंद झालेलं, म्हणून संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली होती. जनावरं तिथं, म्हणून माणसंही दिवसभर तिथंच. काकूची एक गाय होती. तिच्यामागे काकू, आणि काकूमागे दादा. मी पोचले तेव्हा दादा पाण्याच्या टँकरजवळ बाजेवर बसला होता आणि त्याच्या तोंडात शिट्टी होती.

संस्थेची निवडणूक नुकतीच झालेली. टँकरच्या रांगेवर कोणालाही उभं केलं की समोरचं पॅनेल म्हणायचं, हा आपल्याच लोकांना पाणी देतो. दादानं मत कोणाला दिलं हे त्यानं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. म्हणून संस्थेच्या चेअरमनकाकांनी शिट्टी त्याच्याकडे दिली. रांगेत कोणी मध्ये घुसलं की दादा शिट्टी वाजवायचा, आणि ते माणूस बाहेर जाईपर्यंत थांबायचाच नाही. चेअरमनकाकांच्या बायकोलाही त्यानं एकदा घागरीसकट मागं धाडलं होतं.

चेअरमनकाकांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मला शहरात वसतिगृहात जागा मिळाली ती त्यांच्या शिफारसपत्रावर. त्यात त्यांनी मी 'होतकरू, मनमिळाऊ व निर्व्यसनी' असल्याचं लिहिलं होतं. सतरा वर्षांची मी, निर्व्यसनी नसून काय करणार? पण त्या कागदावर मला खोली मिळाली आणि आमच्या घरात पहिली पदवी आली. त्यामुळे ते म्हणाले, "ताई, पत्राचं आन् फोटोचं माज्यावर सोडा," तेव्हा मी सोडलं. एवढंच सांगितलं की दादाला घास भरवताना, कपडे घालताना, असे रोजचे फोटो हवेत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या दाखल्यासाठी बीडला गेले. तेवढ्यात काकांनी वडवणीला जाऊन एका कॉम्प्युटरवाल्याकडून पत्राचं इंग्रजी करून घेतलं आणि माझ्याकडून घेतलेल्या ईमेलवर सगळं थेट वकीलबाईंना पाठवूनही दिलं. मी परतीच्या एसटीत होते तेव्हा बाईंचा फोन आला.

"तुमच्या भावाला नोकरी हवी असेल," त्या म्हणाल्या, "तर हे पत्र उत्तम आहे."

पत्रात लिहिलं होतं: 'सदर इसम अत्यंत मेहनती, निर्व्यसनी व निःपक्षपाती असून दुष्काळी परिस्थितीत पाणीवाटपाची संपूर्ण जबाबदारी समर्थपणे पार पाडतो. त्याचा सांभाळ करण्यास संपूर्ण गाव सक्षम आहे. तरी त्याबाबत आपण निश्चिंत असावे.' खाली दोन पानं भरून सह्या आणि अंगठे. दोन्ही पॅनेलचे. सोबत फोटो: फेटा, शाल, श्रीफळ, गळ्यात हार घातलेला दादा, आणि शेजारी, कोणी विचारलं नसताना, चेअरमनकाका.

छावणीत उतरले ती तडक काकांकडेच. "काका, घास भरवतानाचा फोटो सांगितला होता."

"आगं, साहेबाला तसला फोटो पाठवतेत का? काय म्हणंल तो? म्हणंल, ह्या गावात शालबी मिळंना का?"

सगळे जमले. मी नियम पुन्हा सांगितला: याला बघणारं इथं कोणी नाही, असं लिहून हवं. तर छपराखाली सगळे एकदम बोलायला लागले.

"आमी काय मेलो का?"

"माज्या दोन पोरी सोयरिकीला आल्यात. असल्या कागदावर माजी सही दिसली तर पाव्हणा दारात थांबंल का?"

टँकरचं इंजिन दुरुस्त करायला आलेले मिस्त्रीचाचा हात पुसत म्हणाले, "चेअरमनसाब, असं लिवा. गाव चांगलं हाय, फक्त माणसं नालायक हायेत."

"लिवतो की. पयली सही कोणाची?"

"तुमची. तुमी चेअरमन."

"मी कसा नालायक बे? मी निवडून आलोय!"

विरोधी पॅनेलचा एकजण हळूच म्हणाला, "दोन्ही येकदम असू शकतंय की." मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. दादानं दोनदा शिट्टी वाजवली तेव्हा कुठं थांबलं.

काकू एवढा वेळ गाईला उसाचं वाढं टाकत होती. ती तिथूनच बोलली. "सह्या कशाला मागतीस गं त्यांच्याकडं? मला इचार. टँकरवर बसवायला समदं गाव हाय. शाल घालायला हाय. न्हाणीत उचलायला कोण येतंय? माजे गुडघे गेल्यापासून दोन वर्सात येक तरी गडी आलता का?"

चाचा उगाच हातातला पान्हा पुसत राहिले. काकूनं तक्रार केली नव्हती, फक्त विचारलं होतं. पण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

अशा वेळी करायची एकच गोष्ट संस्थेच्या माणसाला ठाऊक असते. चेअरमनकाकांनी ठरावाचं पुस्तक मागवलं. दादाची आंघोळ आणि कपडे रोज एका घरातल्या दोन गड्यांनी करायचे, पाळीपाळीनं, असा ठराव झाला. सूचक सत्ताधारी, अनुमोदक विरोधक. हात वर करताना दादानंही आपला डावा हात वर केला.

पहिली पाळी स्वतः काकांची आणि त्यांच्या भावाची. पाणी अर्धी बादली. दोघं मिळून चार-चारशे मतं फिरवतील, पण ओला माणूस कसा धरायचा हे दोघांनाही माहीत नव्हतं. साबण लागलेला दादा एकदा याच्या हातातून निसटे, एकदा त्याच्या. पाणी संपलं तेव्हा डोक्याला फेस तसाच. काकू बाहेरून ओरडत होती, "आदी डोकं, मंग आंग! येवढंबी कळंना व्हय तुमाला?" काका बाहेर आले ते दादापेक्षा जास्त भिजलेले.

दुपारी मी दादाजवळ बसले. हे आधीच विचारायला हवं होतं. इतके कागद गोळा केले, पण त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं.

"दादा, माझ्याकडं यायचं का? विमानानं."

त्यानं तोंडातली शिट्टी काढली. "तितं टँकर येतो का?"

"नाही. नळाला पाणी असतं, दिवसभर."

"रांग न्हाई?"

"नाही."

"मंग बारके," तो म्हणाला, "मी तितं काय करू?"

तू माझ्यापाशी राहशील, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते त्याचं काम नव्हतं, माझं होतं.

इंग्लंडला परत येऊन मी वकीलबाईंना खरं ते सगळं सांगितलं, ठरावाची नक्कल इंग्रजीत करून दिली. त्या म्हणाल्या, आता अर्ज टिकणार नाही. मी फाइल बंद करू दिली नाही. काकूचं वय मला माहीत आहे, आणि गावचा उत्साह किती टिकतो तेही.

दर रविवारी मी काकूला फोन करते. ती नाव घेऊन सांगते की या आठवड्यात कोण आलं नाही. मग मी त्याच्या घरी फोन लावते. इंग्लंडहून फोन आला की अख्खं घर गोळा होतं, लाऊडस्पीकर लावतं, आणि मी सगळ्यांसमोर विचारते, "भाऊ, मंगळवारी कुठं गेलता?" सहसा पुढच्या बुधवारपर्यंत तो दादाला आंघोळ घालून आलेला असतो.