जिलानीभाईंची निळी खूण

जिलानीभाई मीठ आणायला निघाले तरी खिशात यादी असायची. मीठ एका ओळीत, काडीपेटी तिच्याखालच्या ओळीत. वस्तू पिशवीत पडली की त्या ओळीपुढं निळ्या शाईची खूण. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, या माणसानं निकाहाच्या दिवशी ‘कबूल’सुद्धा तीन ओळींत लिहून, खुणा करूनच म्हटलं असंल.

“भाई, कागद लई उडवून राहिले,” किराणेवाला चिडवायचा.

“उडू दे. एका ओळीत एकच.”

ही सवय भूकंपाच्या सालापासूनची, एवढंच गल्लीला ठाऊक. का लागली, हे विचारायला कुणी धजलं नाही. एरवी गल्लीला काही विचारायची लाज वाटते अशातला भाग नाही.

पुढं लातुरात कोचिंगचं पीक आलं. गंजगोलाईपासून कुठंही बोट दाखवा, पत्र्याच्या शेडला डॉक्टर झालेल्या पोरांच्या फोटोंचा बोर्ड. जिलानीभाईंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान तोवर बसलं होतं. ते संगणक दुरुस्त करायला लागले आणि त्यात तरबेज झाले. बसवंत सरांनी आपल्या क्लासात साठ संगणकांचा हॉल केला आणि तो लावून द्यायचं काम भाईंकडं आलं.

या कामात भाईंचा जीव अडकला होता, त्याचं कारण घरात होतं. मुलगी नाजिया दहावीला शाळेत पहिली आली होती. बसवंत सर त्या हॉलमध्ये रविवारी दहा वाजता परीक्षा घेणार होते; पहिल्या दहांना दोन वर्षं फुकट शिकवणार. डॉक्टर व्हायचं तर नाजियाला तेवढा एकच दरवाजा होता, आणि त्या दरवाज्याची बिजागरी बसवत होता तिचाच बाप.

संगणकांवर विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स घालायचं होतं. ते घालताना यंत्र दहा प्रश्न विचारतं: भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कोणकोणते प्रोग्राम टाकू? साठ यंत्रांपुढं बसून कोण उत्तरं देणार? म्हणून सगळी उत्तरं एका फाईलीत लिहून ठेवायची आणि यंत्रांनी ती आपली आपण वाचायची. प्रोग्रामांची यादी मात्र त्या फाईलीला एका ओळीत लागते.

“एका ओळीत मी लिहिणार न्हाई,” भाई म्हणाले.

“मग ओळीच्या शेवटाला उलटी तिरपी रेघ मारा, अब्बा,” नाजियानं सांगितलं. “म्हणजे यंत्र खालची ओळपण त्यातलीच धरतंय. पण रेघेच्या पुढं काही नको. मोकळी जागासुद्धा नको.”

भाईंना हे पटलं. एकाखाली एक नावं, प्रत्येकापुढं रेघ. शनिवारी दुपारी एका यंत्रावर करून बघितलं. सगळं उतरलं, मराठी अक्षरंसुद्धा झकास. नाजिया घरी अभ्यासाला गेली.

आणि मग भाईंनी त्यांचं ते केलं. यादी तपासून झाली, आता खुणा नकोत का? एकेक प्रोग्राम यंत्रावर उघडून बघितला आणि फाईलीत त्याच्या ओळीच्या शेवटी, रेघेच्या पुढं, लिहिलं: तपासलं. खालच्या ओळीला: तपासलं. सगळ्या ओळींना. मग समाधानानं साठही यंत्रं सुरू केली, हॉलला कुलूप लावलं आणि घरी येऊन पोटभर जेवले.

रविवारी सकाळी सात वाजता कुलूप उघडलं तर साठही पडदे काळे. एका कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकत होती. यादी पहिल्याच ओळीला तुटली होती, पुढचं काही उतरलंच नव्हतं, आणि यंत्रांनी रात्रभर कुरकूरसुद्धा केली नव्हती.

“जिलानीभाई, दहाला पोरं येतेत!” बसवंत सरांचा आवाज चिरकला.

नाजिया भाईंबरोबरच आली होती. तिनं फाईल उघडली. “अब्बा, हे पुढं काय लिहिलंय?”

“तपासलंय म्हणून लिहिलं.”

“मी सांगितलं होतं ना?”

“खूण हाय ती बेटा. खूण मोकळी कशी सोडू?”

तिनं खुणा पुसायला घेतल्या. भाई शेजारी उभे राहून बघत होते. प्रत्येक खूण गेली की त्यांचा हात थोडा वर यायचा आणि परत खाली जायचा.

साठ एकदम लावली तर दुपार झाली असती, म्हणून एका वेळी वीस यंत्रं, दर खेपेला सव्वा तास. दहा वाजेपर्यंत चाळीस झाली. उरलेली वीस काळीच. पेपर सगळ्यांना एकदाच उघडणार होता. सरांनी नंबर वाचले आणि चाळीसच्या पुढच्यांना हात जोडले.

बावन्न नंबरची पुनम. भोकरहून पहाटेच्या गाडीनं आलेली. तिची आई साखराबाई दारातच खाली बसली. “सर, पोरगी दोन साल याच्यासाठी घासून राहिली हो. आमचं काय चुकलं?”

सर कागदात बघत राहिले. नाजिया चौतीस नंबरवर बसली होती. पडद्यावर पहिला प्रश्न आला होता. ती उठली.

“इथं बस,” ती पुनमला म्हणाली.

भाई धावत आले. “नाजिया, पागल झालीस काय? बाकीचे एकोणीस गेलेच की!”

“एकोणीस खुर्च्या न्हाईत माझ्याकडं, अब्बा. एकच हाय.”

पुनमचा नंबर आठवा आला. सरांनी भाईंना पुन्हा बोलावलं नाही. परीक्षा पुन्हा झाली नाही.

त्या रविवारी संध्याकाळी नाजियानं विचारलं, “अब्बा, एवढ्या खुणा कशाला करता?” भाईंनी पेटीच्या तळातून पिवळी झेरॉक्स काढली.

भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी जखमींची यादी त्यांच्या दुकानात झेरॉक्सला आली होती. घाईत एकापुढं एक लिहिलेली नावं, कागदाच्या काठापर्यंत. झेरॉक्स भाईंनीच काढली, आणि उजवा काठ कापला गेला. त्यांची बहीण बेगमबी किल्लारीकडच्या गावात दिलेली. झेरॉक्सवर तिचं नाव नव्हतं, म्हणून भाई तीन दिवस तिच्या घराचे दगड उपसत राहिले. त्यानंतर मूळ कागद दिसला. नाव होतं, ओळीच्या अगदी शेवटी. सोलापूरच्या दवाखान्यात ते पोचले तेव्हा तिला जाऊन एक रात्र झाली होती.

“दोन दिवस तिथं भावाला विचारत होती म्हणं,” भाई म्हणाले.

नाजियानं पेन घेतलं. झेरॉक्सच्या खाली कोरी जागा होती. तिथं एका नव्या ओळीत फुफीचं नाव लिहिलं. बेगमबी. मग सवयीनं पेन पुढं सरकलं.

भाईंनी तिचं मनगट धरलं.

“खूण नको करू, बेटा,” ते म्हणाले. “सापडल्यावर करत असतेत ती.”