धूर नाही म्हणजे ताकद नाही

वर्षातून एकदा ट्रकचं पासिंग असायचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी मानपाड्याच्या आमच्या गॅरेजसमोर रांग लागायची. मी डिझेल पंपाचा मिस्त्री. पंपाचं सील तोडायचं, स्क्रू फिरवून डिझेल कमी करायचं, नवं सील ठोकायचं, एवढंच काम. तपासणीला रिकामा ट्रक जागेवर उभा. सायलेन्सरमध्ये नळी घालून पॅडल दाबलं, धूर मोजला, झाला पास! दुसऱ्या दिवशी तोच ट्रक परत माझ्यापुढे, डिझेल पुन्हा वाढवायला. नव्वदच्या दशकात धुराचे नियम आले आणि आमच्याकडे त्यांचं असं मातेरं झालं. कुणालाही लाज नव्हती. मलाही नव्हती, हे कबूल करतो.

या सगळ्याचं मूळ एका खुळात होतं. म्हणे काळा धूर म्हणजे इंजिनाची ताकद! शेठलोक रस्त्याच्या कडेला उभे राहून आपल्या ट्रकचा धूर कौतुकाने बघत. अहो, काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा तेवढीच ठेवून डिझेल ओतत राहिलात तर जोर जरासा वाढतो, बाकीची काजळी होते. इंजिन बनवणाऱ्यांनी नियमांपायी डोकं खपवलं, टर्बो लावून जास्त हवा भरली, आणि आमचे शेठ ती कोरी गाडी थेट माझ्याकडे आणून म्हणत, "हिला जरा धूर काढ."

अशाच एका शेठचा ट्रक खडवलीचे एक काका चालवायचे. वीसेक वर्षं कसारा घाट चढलेला माणूस. घाटात ट्रक पहिल्या गिअरला रांगतो आणि वारा मागून असला की स्वतःचाच धूर केबिनमध्ये शिरतो. खोकून खोकून काकांची छाती भरून यायची. एका पासिंगनंतर ते मला म्हणाले, "अरे, या खेपेला वाढवू नको रे. हाय तसाच राहू दे. डॉक्टर बोलला, धूर सोड नायतर गाडी सोड. गाडी सोडून खाऊ काय?"

मी नाही वाढवलं. नोझल साफ केले, एअर फिल्टर बदलला, टायमिंग नीट बसवलं. काकांनी भरलेला ट्रक घाटावर नेला. वेळ नेहमीएवढाच लागला, डिझेल उलट वाचलं. काका परत आले ते हसतच. घाटभर क्लीनरशी गप्पा मारल्या म्हणाले.

चार दिवसांनी शेठ उगवला. काकांनाही ट्रक घेऊन बोलावलेलं. "शिळफाट्यावर बघितली मी गाडी. धूरच नाय! म्हातारा पॅडलच दाबत नाय." मी घाटाला लागलेला वेळ सांगितला, वाचलेलं डिझेल सांगितलं. ऐकेल तर शेठ कसला! त्याने काकांच्या हातातून चावी काढून सोबत आणलेल्या नव्या ड्रायव्हरला दिली. वीस वर्षं घाट चढलेल्या माणसाला एका शब्दाने विचारलं नाही. माझं डोकं फिरलं. मग तो माझ्याकडे वळला, "आता वाढव."

मी पाना हातात घेऊन नुसता उभा. काका केबिनमधला आपला डबा आणि चादर घेऊन खाली उतरले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "वाढव रे. तुला पन पोट हाय."

त्यांनी आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी स्क्रू फिरवला. नव्या ड्रायव्हरने पॅडल दाबलं, काळा लोट उठला आणि शेठ खूश होऊन हसला. काका तोंडाला चादर लावून रस्त्यापलीकडे निघून गेले.