पाठ कशानं टेकेल?

शबानाचा फोन आला तेव्हा मी शिरोली एमआयडीसीतल्या माझ्या टेबलाशी एक फुटकं कास्टिंग उलटंपालटं करून बघत होते. "अब्बा गेले ताई... सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. मग हातातल्या कास्टिंगकडे बघत मनात जे आलं ते लिहायला आज, दीड महिन्यानंतर, जरा संकोच वाटतो. मनात आलं, आता हे कुणाला दाखवायचं?

शबानाच्या अब्बांची, म्हणजे दस्तगीरचाचांची, आणि माझी शेवटची भेट त्याच्या पंधरा दिवस आधी झाली होती, पुलाची शिरोलीतल्या त्यांच्या घरी. खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगावरचं मांस गेलं होतं, पण तालमीत मोडून घट्ट मिटलेले दोन्ही कान मात्र पहिल्यासारखेच पैलवानाचे. डॉक्टरांवर त्यांचा राग होता. "दोन गोळ्या एकदम बदलल्या की गं त्यानं. आता बरं वाटलं तर गुण कुठल्या गोळीचा म्हणायचा?" शबाना म्हणाली, "बरं वाटल्याशी मतलब, अब्बा." चाचा तिच्याकडे बघून माझ्याकडे वळले. "बघ. घरात हे असलं." आम्ही तिघंही हसलो. त्या माणसाला मरणापेक्षा एकदम बदललेल्या दोन गोळ्यांचा जास्त त्रास होत होता.

बारा वर्षांपूर्वी मेटलर्जीची पदवी घेऊन मी लोखंड वितळवून ओतायच्या एका फौंड्रीत लागले. हुपरीहून एसटीनं यायचं, पोरं-पोरी इंजिनिअर झाली की जो ताठा येतो तो घेऊन. चाचा तिथे वाळू तपासायच्या खोलीत होते. शिक्षण दहावी, तेही अर्धवट. जुलैचे दिवस होते आणि पंपाच्या बॉडीच्या कास्टिंगमध्ये फुगे निघत होते. बाहेरून माल चकचकीत, मशिनवर कापायला घेतला की आत भोकं. गिऱ्हाईक वैतागलं होतं, मालक त्याहून जास्त. मी तीन आठवडे रजिस्टरं चाळली आणि मला कारण सापडलं. भोकाचा बहुतेक माल सदाशिव नावाच्या एका मोल्डरच्या साच्यांतला होता. सदाशिव वाळूत पाणी जास्त घेतो, असा सुबक टाईप केलेला रिपोर्ट मी मालकांपुढे ठेवला. मालक म्हणाले, "माणूस बदलू मग." सदाशिव केबिनच्या दारात उभा होता. पन्नाशीचा माणूस, हाताच्या रेघांत काळी वाळू कायमची बसलेली. "बाई, मी रोज वाळू मुठीत दाबून बघतोय ओ," तो म्हणाला, "जास्त पाणी झालं तर मला कळत न्हाय व्हय?" मी त्याच्याकडे बघितलं नाही. रिपोर्टकडे बघत राहिले.

बाहेर आले तर चाचांनी हाक मारली. "हुपरीच्या बाई, सदाशिवच्या पाण्यानं फुगं येत्यात म्हणताय न्हवं? मग परवा त्यानं पाणी कमी घेतलं हुतं, मी मोजलंय. तरी भोकं आलीच की." मी म्हटलं, त्या दिवशी दुसरं काही कारण असेल. "आणि पाणी जास्त असून माल चांगला निघाला तर?" तेव्हा नशीब चांगलं असेल, मी म्हटलं. "म्हंजे तुमचं म्हणणं कशानंच पडत न्हाय. बाई, जो कधीच पडत न्हाय तो पैलवान आखाड्यात उतरलेलाच नसतोय. पाठ कशानं टेकंल ते आधी सांगा, मग कुस्ती लावा."

मला राग आला. खरं तर इतका आला की त्या संध्याकाळी एसटीत बसून मी चाचांना द्यायची उत्तरंच जुळवत होते. हुपरी आली तरी एकही धड जुळलं नव्हतं. कॉलेजात 'गृहीतक' हा शब्द मी शंभरदा लिहिला असेल, व्याख्येला पैकीच्या पैकी गुण घेतले असतील. पण आपलं म्हणणं खोटं ठरवायची सोय आपणच करून द्यायची असते, हे मला कुणी माझ्या तोंडावर असं कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मालकांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि त्यांचा डबा बाहेर काढला. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, रंग उडालेला. त्यांच्या खोलीची रीत अशी होती की ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत 'माझं म्हणणं', दुसरीत 'पाठ कशानं टेकेल'. चिठ्ठीची घडी घालून डब्यात टाकायची आणि कास्टिंग फोडून बघेपर्यंत डबा उघडायचा नाही, म्हणजे मागाहून कुणाला शब्द फिरवता येत नाही. ज्याची पाठ टेकेल त्यानं ते स्वतःच्या तोंडानं सगळ्यांपुढे सांगायचं आणि भजी आणायची. साचेवाल्यापासून ग्राइंडिंगवाल्यापर्यंत सगळे त्या डब्यात चिठ्ठ्या टाकत.

मी लिहिलं : दोष सदाशिवच्या हातात आहे. पाठ टेकेल, जर त्याच्या दिवशी दुसऱ्याच्या साच्यातही भोकं आली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा माल चांगला निघाला. सदाशिव जवळच राहायचा म्हणून साप्ताहिक सुट्टीनंतरची पहिली पाळी कायम त्याच्याकडे असायची. त्या आठवड्यात चाचांनी पहिल्या पाळीला दुसऱ्या मोल्डरला, मारुतीला, उभं केलं आणि सदाशिवला मधल्या वारी. मारुतीच्या मालात भोकं निघाली. सदाशिवचा माल एकदम स्वच्छ. म्हणजे दोष माणसात नव्हता, वारात होता. मी रजिस्टरात माणसाचं नाव वाचलं होतं, त्याच्या शेजारचा वार वाचला नव्हता. भजी आणली, सगळ्यांपुढे बोललेही, पण आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्या रात्री राजीनामा लिहिला आणि पर्समध्ये ठेवला. सदाशिवच्या घरी दोन मुली शिकत होत्या हे मला तोवर कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात चाचांच्या चिठ्ठीची पाळी. त्यांचं म्हणणं, लोखंडाचा रस ओतायच्या लॅडलचं अस्तर सुट्टीत ओल धरतं. लॅडल लालबुंद होईपर्यंत तापवून ओतलं, तरी भोकं तशीच. चाचा उभे राहिले आणि म्हणाले, "माझी टेकली. तीस वर्षं काम करून टेकली." आणि मजेत भजी खाल्ली. मी बघत होते. हरल्यावर माणूस असा ताजातवाना दिसू शकतो हे मला नवीन होतं. पर्समधला राजीनामा मी त्या दिवशी दिला नाही.

तिसरी चिठ्ठी सदाशिवची होती. अक्षर गिचमिड, पण म्हणणं सरळ. कास्टिंग आतून पोकळ यावं म्हणून साच्यात वाळूचा भाजलेला गाभा ठेवतात, त्याला आम्ही कोअर म्हणतो. सुट्टीआधी भाजलेले कोअर रॅकवर बसून हवेतली ओल पितात, त्याची वाफ होते आणि भोकं पडतात, असं सदाशिवचं म्हणणं. ह्या वेळी चाचांनी सगळं एकच ठेवलं. एकच मोल्डर, एकच वाळू, एकच हीट, म्हणजे भट्टीतला एकाच वेळचा रस. निम्म्या साच्यांत जुने कोअर, निम्म्यांत सकाळी भाजलेले. साच्यांना फक्त नंबर, आणि कुठल्या नंबरात काय ह्याची यादी डब्यात बंद. "तपासणाऱ्याला कळता कामा न्हाय," चाचा म्हणाले, "न्हाईतर सदाशिवच्या मायेनं त्याला भोकं दिसायची." तपासणी संपली, डबा उघडला. भोकं निघालेला प्रत्येक नंबर जुन्या कोअरचा होता. सदाशिव तोंड फिरवून उपरण्यानं बराच वेळ घाम पुसत राहिला.

हे गिऱ्हाईकापुढे मांडायचं काम माझ्याकडे आलं. मी छान स्लाइड केल्या. समस्या, कारण, उपाय. चाचांनी बघितल्या आणि विचारलं, "ह्यात तुमची पाठ टेकलेली कुठं हाय?" मी म्हटलं, ते कशाला सांगायचं चाचा? "कारण कायकाय पडलं ते कळल्याबिगर जे उभं हाय त्याच्यावर इस्वास कोण ठेवंल?" मग मी पहिलीच स्लाइड बदलली. मालक आणि गिऱ्हाईकाच्या साहेबांसमोर म्हणाले, "मी आधी सदाशिवना दोषी ठरवलं होतं. ते चूक होतं, आणि ते कसं कळलं ते सांगते." शेवटी साहेबांनी विचारलं, कशावरून हेच खरं? मी म्हटलं, "दिवाळीनंतर हवा कोरडी होईल, तेव्हा जुन्या कोअरचा मालही चांगला निघायला हवा. नाही निघाला तर मी पुन्हा चुकले." साहेब हसले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मालकांनी सदाशिवला आत बोलावून खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि ह्या वेळी मी त्याच्याकडे बघितलं.

दिवाळीच्या सुट्टीत काही कोअर मुद्दाम रॅकवर ठेवले होते. सुट्टीनंतरच्या पहिल्याच हीटला ते वापरले आणि माल स्वच्छ निघाला. आमचं म्हणणं उभं राहिलं होतं. पण त्या दिवशी चाचा टोपलीभर भजी घेऊन आले. आम्ही म्हटलं, चाचा, आज तर जिंकलो, मग ही कुणाच्या हरण्याची? "खावा गप," ते म्हणाले. "हरलोय म्या एक." कुठली चिठ्ठी म्हणून विचारलं तर नुसते माझ्याकडे बघून हसले.

आज माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत आणि कुणाचंही नाव घेऊन मी रिपोर्ट लिहीत नाही, आधी वार बघते. हे मी कमावलेलं नाही, मला मिळालेलं आहे. हे मी चाचांना कधी नीट सांगितलं नाही. गेल्या आठवड्यात शबाना तो पत्र्याचा डबा घेऊन घरी आली. "अब्बा म्हणाले हुते, ताईला द्या." झाकण गंजून बसलं होतं, चमच्यानं उचकटलं. आत वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. मारुतीच्या, सदाशिवच्या, माझ्या... तळाशी एक चाचांच्या अक्षरातली, मी सदाशिवचा रिपोर्ट दिला त्या तारखेची.

'माझं म्हणणं : हुपरीच्या बाई दिवाळीपर्यंत पळून जाणार. चूक कबूल करणं जमणार न्हाय.

पाठ कशानं टेकंल : दिवाळीनंतरच्या पहिल्या हीटला हजर दिसल्या तर.'

आणि खाली, वेगळ्या शाईनं : 'टेकली. भजी दिली. बरं झालं हरलो.'